मराठा खंदकाच्या काठाने एक दिवस

उत्तर कोलकात्यात बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे आणि त्या वस्तीतल्या एका गल्लीचे नाव आजही ‘मराठा डिच लेन’ असे आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये उतरले, गावेच्या गावे उठून पूर्वेकडे पळू लागली, आणि आज ना उद्या हे घोडेस्वार आपल्याही दाराशी येणार या धास्तीने कलकत्त्याच्या देशी रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी इंग्रजांच्या कंपनीकडे मागितली. खर्च आम्ही सोसू, असेही त्यांनीच सांगितले. सात मैलांचा खंदक आखला गेला आणि सहा महिन्यांत त्यातला सुमारे तीन मैल खणूनही झाला; परंतु मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत, आणि काम होते तिथेच थांबले. पुढे १७९९ मध्ये त्या खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. खंदक गेला, गल्लीला त्याचे नाव तेवढे राहिले.

मी साताऱ्याची. शाळेत इतिहास शिकवते. ज्या रघुजींच्या नावाने कलकत्ता शहर धास्तावले होते, त्यांच्या घराण्याची पाटीलकी आमच्याच जिल्ह्यातल्या देऊरची, आणि देऊर माझ्या माहेरापासून सायकलीने जाण्याच्या अंतरावर आहे. त्यांना बंगालच्या चौथाईचा अधिकार देणारे छत्रपती शाहू महाराज साताऱ्यात राज्य करत होते. त्यामुळे कोलकाता पाहायला एकच दिवस हाताशी आहे असे ठरले, तेव्हा यादीत पहिले नाव व्हिक्टोरिया मेमोरियलचे न घालता मी या गल्लीचे घातले.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर जगन्नाथपुरीला गेले होते. बाकीच्या सगळ्या पुरीहूनच परतणार होत्या. मी परतीचे तिकीट हावड्याहून काढले. ‘एकटी कशाला राहतेस गं त्या कलकत्त्यात? काय बघायचंय एवढं?’ असे शेजारच्या काकूंनी विचारले, आणि सासूबाईंनी मात्र ‘जा, पण रात्रीच्या गाडीत वरचा बर्थ घे,’ एवढेच सांगितले. काकूंच्या प्रश्नाला त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नव्हते. चारचौघांबरोबर फिरताना ज्या जागी पाहण्यासारखे काहीच उरलेले नाही तिथे थांबता येत नाही. कोणाला तरी चहा हवा असतो, कोणाला साडीचे दुकान, आणि त्यात कोणाचेही चुकत नाही. बुजलेला खंदक पाहायला माणसाने एकट्यानेच जावे.

पुरीलाही मराठे भेटले होते, पण फार वेगळ्या रूपात. जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोर उभा असलेला अरुणस्तंभ मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरातला. तो अठराव्या शतकात, ओरिसा नागपूरकरांच्या ताब्यात असताना, तिथून आणून इथे उभा केला. १७५१ पासून १८०३ पर्यंत तो प्रांत मराठ्यांकडे होता, आणि मंदिराच्या व्यवस्थेकडे त्यांनी लक्ष दिले ही गोष्ट पुरीचे पंडे आपणहून सांगतात. मी साताऱ्याहून आले आहे म्हटल्यावर आमच्या पंड्याने हात जोडले होते. त्या जोडलेल्या हातांची आठवण मनात ठेवून मी रात्रीच्या गाडीने हावड्याला निघाले, आणि बंगालमध्ये आपल्याला तसे काही मिळणार नाही हेही मला चांगले ठाऊक होते.

हावडा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवली आणि समोरच्या घाटावरून बागबाजारला जाणारी लाँच पकडली. शहरात शिरायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. लाँच हावडा पुलाखालून उत्तरेकडे जाते. १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा पूल नटबोल्टांशिवाय, केवळ रिव्हेट मारून जोडलेला आहे, आणि नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही, हे मुलांना सांगताना जे कधी डोळ्यांपुढे आले नव्हते ते पुलाच्या बरोबर खाली आल्यावर कळले. पुढे उजव्या हाताला एकेक घाट लागत गेला. आधी निमतल्याचा स्मशानघाट, जिथे १९४१ मध्ये रवींद्रनाथांवर अंत्यसंस्कार झाले, मग अहिरीटोला, मग शोभाबाजार, मग कुमारटुली. पायऱ्यांवर अंघोळी चालल्या होत्या, आणि नुकत्याच झालेल्या कालीपूजेतल्या मूर्तींचे सांगाडे, माती विरघळून गेलेले गवताचे देह, पाण्याच्या कडेला ओढून ठेवले होते. हे सांगाडे पुन्हा वापरले जातात, असे शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने सांगितले.

बागबाजारला उतरून गंगेच्या काठाने जाणारा सर्क्युलर रेल्वेचा रूळ ओलांडला की लगेच जुनी घरे सुरू होतात. हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, पडवीला बिडाचे कठडे, भिंतीतून उगवलेले पिंपळ. रामकृष्ण परमहंसांच्या सहधर्मचारिणी शारदादेवी १९०९ पासून १९२० मध्ये देह ठेवीपर्यंत ज्या घरात राहत होत्या, ते घर इथेच आहे. तिथे क्षणभर टेकले. मग विचारत विचारत मराठा डिच लेनमध्ये आले.

गल्लीत पाहण्यासारखे खरोखरच काही नाही. दोन्ही बाजूंना घरे, एक इस्त्रीवाला, नळावर भांडी घासणारी एक बाई, दारात रांगोळीसारखी काढलेली आल्पना, आणि वर विजेच्या तारांचे जाळे. जमिनीला उतार नाही, चढ नाही. इथे कधी काळी माणसांनी कुदळी घेऊन सहा महिने माती उपसली असेल याची एकही खूण नाही. मी नावाच्या पाटीखाली बराच वेळ उभी राहिले. साताऱ्यात आम्ही मराठ्यांच्या नावाच्या पाट्यांमध्येच वाढलो. चौक, पेठा, शाळा, पतसंस्था, सगळीकडे ते नाव आहे आणि सगळीकडे ते अभिमानाने लावलेले आहे. तेच नाव भीतीपोटी दिलेले मी प्रथम पाहत होते, आणि ते वाचताना छातीत जे दाटून आले त्यात अपमान नव्हता. आपल्या घरातल्या एखाद्या कर्त्या पुरुषाबद्दल परगावी कोणीतरी काही वेगळेच सांगावे आणि ते खरे असावे, तशी ती अवस्था होती.

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. मातीच्या भांड्यातला चहा घेऊन बाकावर बसले, तर शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या वयस्क गृहस्थांनी हिंदीत विचारले, ‘दीदी, कोणाचे घर शोधताय?’ मी म्हटले, घर शोधत नाही, ही गल्लीच पाहायला आले आहे. कुठून आलात, असे त्यांनी विचारले. साताऱ्याहून, असे सांगून त्यांना कळेना म्हणून मग महाराष्ट्र म्हटले, आणि शिवाजी महाराजांच्या नातवाची राजधानी असेही सांगितले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ‘म्हणजे तुम्ही बारगीर,’ ते म्हणाले, अगदी साधेपणाने, जसे एखाद्याला तुम्ही कोकणातले का असे विचारावे.

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. हे आम्ही सहावी-सातवीपासून शिकवतो. बंगालमध्ये मात्र त्या नावाने अंगाईगीतात जागा मिळवली आहे. त्या गृहस्थांनी ते गीत मला म्हणून दाखवले आणि अर्थ सांगितला: बाळ झोपले, आळी निवांत झाली, बारगीर देशात आले, बुलबुलांनी धान खाल्ले, आता सारा कुठून भरू? त्यांची आजी बर्दवानकडची होती आणि ती हे म्हणत असे. बर्दवान हा नेमका तो भाग, जिथून भास्कररामांची फौज गेली होती. अडीचशेपेक्षा जास्त वर्षे एका आजीकडून दुसऱ्या आजीकडे ही ओळ येत राहिली आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या अर्ध्यावर माझे मन खिळून राहिले. त्यात तलवार नाही, रक्त नाही. पीक हातचे गेले आणि सारा भरायचा आहे, ही कुणब्याच्या घरातली काळजी आहे. साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशात, अशी काळजी समजावून सांगावी लागत नाही.

‘तुमच्याकडे मुलांना हे काय म्हणून शिकवतात?’ त्यांनी विचारले. प्रश्नात टोचणी नव्हती; त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. मी म्हटले, बंगालवर स्वाऱ्या झाल्या, चौथाई मिळाली, ओरिसा मिळाला, असे एकदोन वाक्यांत. ते मान हलवत म्हणाले, ‘आमच्याकडे शाळेत फार नाही, पण घरात आहे.’ मग त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले आणि मला देऊ दिले नाहीत.

ही एकदोन वाक्ये किती अपुरी आहेत हे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला निदान कळले पाहिजे. १७४२ च्या त्या स्वारीबद्दल गंगाराम नावाच्या कवीने अवघ्या दहा वर्षांच्या आत ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे बंगाली काव्य लिहिले, त्यात पळणाऱ्या लोकांचे वर्णन आहे: पंडित पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतात, सोनार तराजू आणि वजने घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्याने जे उचलले ते त्याच्या पोटाचे साधन होते. अत्याचारांची वर्णनेही त्यात आहेत आणि ती वाचवत नाहीत. शत्रूपक्षाची अतिशयोक्ती म्हणून ती बाजूला सारता येतील का, असे मी पूर्वी स्वतःला विचारलेले आहे. पण ज्याने सोनाराचा तराजू पाहून लिहिला त्याने बाकीचे रचून लिहिले, असे मानायला माझे मन तयार होत नाही. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षीच्या नवरात्रात भास्कररामांनी बर्दवानकडच्या कटव्याला दुर्गापूजा मांडली असताना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने छावणीवर हल्ला केला, आणि १७४४ च्या मार्चअखेरीस बोलणी करण्यासाठी म्हणून मानकरा नावाच्या ठिकाणी तंबूत बोलावून भास्कररामांना सरदारांसह ठार मारले. या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

आणि या सगळ्यात सातारा कुठे होता? १७४३ मध्ये तर अशी वेळ आली की रघुजी चौथाई वसूल करायला बंगालमध्ये आणि नानासाहेब पेशवे अलीवर्दीच्या बाजूने रघुजींना हुसकायला बंगालमध्ये, अशा दोन मराठी फौजा एकाच मुलखात समोरासमोर उभ्या राहिल्या. तो वाद शेवटी शाहू महाराजांपुढे आला, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी दोघांची हद्द ठरवून दिली. बंगाल आणि ओरिसा रघुजींच्या वाट्याला गेला. बर्दवानच्या शेतकऱ्याने सारा कोणाला द्यायचा, याचा निवाडा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी झाला, आणि त्या शेतकऱ्याला सातारा नावाचे गाव पृथ्वीवर आहे याची कल्पनाही नसेल. शाहू महाराजांच्या दयाळूपणाच्या कथा ऐकत मी लहानाची मोठी झाले. संगम माहुलीला त्यांच्या समाधीवर मी अनेकदा डोके टेकवले आहे आणि पुढेही टेकवीन. तरीही त्या निवाड्याच्या वेळी बर्दवानच्या त्या शेतकऱ्याचा विचार कोणी केला असेल का, हा प्रश्न बागबाजारच्या त्या बाकावर मला पहिल्यांदा इतका जवळून भिडला.

तिथून कुमारटुली चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मूर्तिकारांच्या या वस्तीत दुर्गापूजेच्या आधी पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. मी गेले तेव्हा दुर्गा आणि काली दोन्ही होऊन गेल्या होत्या आणि जगद्धात्रीची तयारी चालू होती. कार्तिक शुद्ध नवमीला हिची पूजा. देवी सिंहावर बसलेली आणि सिंहाच्या पायाखाली हत्ती. बनमाली सरकार स्ट्रीटवरच्या एका चिंचोळ्या शेडमध्ये एक मध्यमवयीन कारागीर गवताच्या देहावर माती चढवत होता, आणि त्याची हरकत नाही असे पाहून मी दारातच स्टुलावर बसले. आधी बांबू, त्यावर तागाच्या सुतळीने घट्ट आवळलेले भाताचे गवत, त्यावर तूस मळलेली चिकट माती, ती वाळून तडकली की बारीक मातीचा दुसरा हात, आणि सांध्यांवर मातीच्या पाण्यात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. चेहरा साच्यातून निघतो आणि मग मानेवर बसतो. बोटे मात्र एकेक हाताने वळतात. त्याने मातीची बारीक वात तळहातावर फिरवली, टोकाला नखाने किंचित दाबले, आणि जिथे काही नव्हते तिथे करंगळी आली. अशी बोटे एका फळीवर ओळीने मांडून ठेवलेली होती, आणि प्रत्येकाचा वाक निराळा होता, कारण एका हातात शंख यायचा होता, दुसऱ्यात चक्र, तिसऱ्यात धनुष्य, चौथ्यात बाण.

एका कोपऱ्यात मोरावर बसलेले कार्तिकेय वाळत होते, धोतर नेसलेले, मिशी कोरलेले, राजबिंडे. कार्तिक संक्रांतीला त्यांची पूजा, आणि ती सर्वांत गाजते ती कटव्याला, असे त्या कारागिराने सांगितले. कटवा! तेच गाव, जिथे भास्कररामांची छावणी होती. आपल्याकडे जो देव ब्रह्मचारी म्हणून बायकांनी दर्शन घ्यायचे की नाही याची चर्चा होते, त्याला इथे मुलगा व्हावा म्हणून घरोघर पुजतात.

कुमारटुलीहून रवींद्र सरणीने दक्षिणेकडे चालत गेले की जोडासांको येते. रस्ता अरुंद, ट्रामचे रूळ अजून जमिनीत, आणि हातगाड्यांची गर्दी इतकी की फूटपाथ सोडून चालावे लागते. ठाकूर, म्हणजे टागोर, कुटुंबाच्या लाल वाड्यात मात्र शिरताक्षणी आवाज मागे राहतो. चपला काढून आत जायचे. रवींद्रनाथ १८६१ मध्ये जन्मले ती खोली आणि ऐंशी वर्षांनी ज्या खोलीत गेले ती, दोन्ही याच घरात आहेत. बहुतेक लोक त्या दोन खोल्यांसाठी येतात. मी आणखी एका माणसासाठी आले होते.

रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय, साल १८६३. त्यांना नेमणूक मिळाली मुंबई इलाख्यात, आणि उभी नोकरी अहमदाबाद, कारवार, सोलापूर अशा ठिकाणी करून ते १८९७ मध्ये निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. हे मला आधीपासून माहीत होते, पण साताऱ्यात ही गोष्ट कोणाला सांगितली तर ऐकणारा प्रत्येक वेळी चकित होतो, म्हणजे आपण ती पुरेशी सांगितलेली नाही. घराण्यातल्या माणसांच्या तसबिरी ज्या दालनात लावल्या आहेत तिथे त्यांची तसबीर शोधून तिच्यापुढे उभी राहिले. बंगालमधला मोठ्या घरचा मुलगा साताऱ्यात येतो, आमच्या गावच्या तंट्यांचे निवाडे करतो, मराठी शिकतो, आणि तुकारामांचे अभंग बंगालीत नेतो. रवींद्रनाथांनीही तरुणपणी तुकारामांचे काही अभंग बंगालीत उतरवले. पांढऱ्या दाढीच्या त्या चेहऱ्याकडे पाहताना वाटले, सकाळी साताऱ्याच्या दरबारातल्या निवाड्याचा विचार करत होते, आणि दीडशे वर्षांनी कलकत्त्याचा हा माणूस साताऱ्यात न्यायाच्या आसनावर बसला होता. आणि जाताना त्याने आमच्याकडून काही घेतले असेल तर ते अभंग.

याच घरातल्या रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. तिला निमित्त झाले सखाराम गणेश देऊस्कर. हे मूळचे कोकणातल्या मराठी घराण्यातले, पण देवघरजवळ जन्मलेले, बंगालीत लिहिणारे आणि बंगाली वाचकांनी आपला मानलेले लेखक. ज्या भाषेत बारगिरांचे अंगाईगीत आहे त्याच भाषेत, बंगाली माणसाने मराठ्याच्या सुरात सूर मिसळून शिवाजी महाराजांचा जयजयकार करावा, असे त्या कवितेत म्हटले आहे. बर्दवानच्या आजीचे गीत त्यानंतरही घरोघर चालू राहिले. दोन्ही एकाच भाषेच्या पोटात राहू शकतात, आणि एका भाषेत एवढी जागा असते ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

दुपारी गिरीश पार्कहून मेट्रो घेऊन मैदानाकडे गेले. देशातली पहिली मेट्रो ही. १९८४ पासून चालते. व्हिक्टोरिया मेमोरियल भव्य आहे, मकराण्याचा संगमरवर उन्हात डोळ्यांवर येतो, बाग सुंदर राखली आहे, आणि तिथे सगळेच जातात, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. लुची आणि बटाट्याचा दम खाऊन पुन्हा मेट्रोने उत्तरेला श्यामबाजारला आले, कारण दिवसाचा उरलेला भाग मला खंदकावरून जायचे होते.

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात नेताजींचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथून दक्षिणेकडे जाणारा जुना अपर सर्क्युलर रोड म्हणजे आजचा आचार्य प्रफुल्लचंद्र रोड. सियालदाची बस पकडली आणि खिडकीशी बसले. याच रेषेने कधी काळी तो खंदक दक्षिणेकडे गेला होता. १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला कलकत्त्यावर चालून आला तेव्हा या खंदकाने त्याला काही अडवले नाही. ज्यांच्यासाठी खणला ते आले नाहीत आणि जो आला त्याला तो पुरला नाही. आता त्याच रेषेवर काय काय उभे आहे ते मी पाहत गेले. थोड्याच वेळात बंगीय साहित्य परिषदेची जुनी इमारत दिसली. पुढे राजाबाजारचे सायन्स कॉलेज, जिथल्या एका खोलीत प्रफुल्लचंद्र राय यांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली, आणि त्याला लागून जगदीशचंद्र बसूंनी १९१७ मध्ये उभारलेली संशोधन संस्था. रस्त्याचा पुढचा भागही जगदीशचंद्रांच्याच नावाने आहे. म्हणजे आमच्या भीतीने आखलेल्या रेषेला या शहराने शेवटी आपल्या दोन वैज्ञानिकांची नावे दिली. बसमधल्या कोणालाही हे सांगावेसे वाटत होते, पण गर्दी फार होती आणि माझे हिंदी त्या वेळेपर्यंत थकले होते.

रात्री हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेस. ही गाडी खरगपूर, टाटानगर, बिलासपूर करत नागपूरला येते, आणि मग विदर्भातून पुण्याकडे. नकाशा उघडून पाहिले तर रघुजींच्या फौजा ज्या दिशेने पूर्वेला गेल्या, जवळपास त्याच मुलखातून मी पश्चिमेला परतत होते. छोटा नागपूरच्या जंगलातून गाडी जाताना पहाट झाली. या डोंगरदऱ्यांतून हजारो घोडी नेणे, त्यांच्या वैरणीची सोय करणे, पावसाळ्याआधी परतणे, हे काम किती अवघड असेल हे खिडकीतून स्पष्ट दिसत होते, आणि त्या स्वारांच्या हिमतीबद्दल माझा आदर मुळीच कमी झाला नाही. तोही खरा आहे. त्यांतले कित्येक आमच्या कोरेगाव-खटावकडचे असतील. त्यांच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असेल आणि सारा भरायची काळजी तिथेही असेल.

सुट्टी संपल्यावर सातवीच्या वर्गात मराठ्यांच्या विस्ताराचा धडा घेतला, तेव्हा नकाशावर अटक दाखवले तसे कटवाही दाखवले. अंगाईगीताचा अर्थ फळ्यावर मराठीत लिहिला आणि मुलांना विचारले, हे कोण म्हणत असेल? एका मुलीने लगेच सांगितले, ‘बाई, जिच्या शेतातलं धान गेलं ती.’ देऊरहून येणाऱ्या एका मुलाने घरी जाऊन आजोबांना सगळे विचारले आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की आजोबांना रघुजी माहीत आहेत, बंगाल माहीत नव्हते. आता वार्षिक परीक्षेच्या आधी वर्गाला देऊरला नेऊन तो परिसर दाखवायचा आणि मुलांनी गावातल्या वृद्धांकडून ऐकलेले लिहून आणायचे, असे आम्ही ठरवले आहे.

दुसरे एक काम मी माझ्याकडे घेतले आहे. सत्येंद्रनाथ ठाकूर साताऱ्यात कोणत्या बंगल्यात राहत होते, हे मी शोधते आहे. कोर्टाच्या परिसरातल्या दोन जुन्या वकिलांना विचारले, सदर बझारमध्ये चौकशी केली. अजून धागा लागलेला नाही. १८९७ च्या आसपासचे घरभाड्याचे कागद, कोर्टाच्या निरोपसमारंभाचे निमंत्रण, पणजोबांच्या रोजनिशीतली एखादी नोंद, असे काही साताऱ्यातल्या कोणाच्या घरी जुन्या पेटीत असेल, तर ते वाळवीच्या तोंडी जाण्याआधी बाहेर काढून पाहावे आणि मला अवश्य कळवावे. मी येऊन, हात लावण्याआधी विचारून, तिथेच बसून उतरवून घेईन.